बऱ्या दिवसांची चौकशी

मंठा तालुक्यातील एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या धाकट्या भावाला तीन वर्षांपासून नैराश्यावरील गोळ्या चालू आहेत. मध्येच तो एकाएकी बरा होतो, आठ-पंधरा दिवस साऱ्या गावाची कामे अंगावर घेतो आणि मग पुन्हा अंथरूण धरतो. ‘गोळ्या बदलून झाल्या, डॉक्टर बदलून झाले, आता काय बदलायचे?’ असे त्यांनी विचारले आहे. पत्रावरून निदान करावयाचे नाही, हा या सदराचा पहिल्यापासूनचा दंडक आहे आणि तो मी मोडणार नाही. परंतु त्या पत्राने मला माझ्या एका जुन्या चुकीची आठवण करून दिली. वाचकहो, आधी ती चूक सांगतो, शास्त्र मागाहून.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारा चौतीस वर्षांचा तरुण माझ्याकडे येत असे. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यापूर्वी पतिपत्नी दोघांची संमती घेतली आहे.) तो प्रथम आला तो ऐन कार्तिकात, वसुलीच्या दिवसांत. अंग जड झाले आहे, दहा-दहा तास झोपूनही झोप पुरत नाही, दुकानाचे शटर वर करायला हात उचलत नाही, गिऱ्हाईक समोर उभे राहिले तरी काय बोलावे ते सुचत नाही, अशा तक्रारी. मी हिमोग्लोबिन पाहिले, थायरॉइड पाहिले, बी-१२ पाहिले. बी-१२ थोडे कमी निघाले. तेवढ्यावर समाधान मानून इंजेक्शने दिली आणि मोकळा झालो. पुढल्या वर्षी तो पुन्हा आला. या वेळी मी त्याला निवांत समोर बसवून विचारले, तेव्हा तो रडला. “साहेब, जगून काय उपयोग, असंच वाटायलंय,” म्हणाला. मी नैराश्याचे निदान केले आणि गोळी सुरू केली. अंगदुखीची चिठ्ठी हातावर ठेवून बोळवण न करता मनाचा आजार ओळखला, याचे मला स्वतःचेच थोडे कौतुक वाटले, हे कबूल करतो.

दहाव्या दिवशी तो पेढे घेऊन दवाखान्यात आला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. रांगेतील सर्वांची विचारपूस, कंपाउंडरच्या मुलाच्या शिक्षणाची चौकशी, आणि मला माझ्या दवाखान्याची डागडुजी कशी करावी याचा सविस्तर सल्ला. बाहेर बसलेल्या त्याच्या पत्नीला मी म्हणालो, “बघा ताई, गुण आला.” त्या काही बोलल्या नाहीत. महिनाभराने त्या एकट्याच आल्या. पिशवीत दुकानाच्या उधारीच्या तीन वह्या होत्या.

“डॉक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या, “हे बरे झाले की जरा जास्तच बरे होतात.”

माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात एवढे नेमके निदान मी मोठ्या डॉक्टरांच्या तोंडूनही क्वचितच ऐकले आहे.

दुकानाचा हिशेब त्याच लिहीत असत. वहीची बहुतेक पाने त्यांच्या हातची होती, गोल आणि संथ अक्षरांची. मध्येच काही पाने त्याच्या हातची येत. बारीक, घाईची, ओळी सोडून धावणारी अक्षरे, जागोजागी लाल शाईच्या रेघा. समासात दुसऱ्या शाखेचा आराखडा, ठिबक संचांच्या एजन्सीचा हिशेब, मोसंबीच्या रोपवाटिकेची कल्पना; एके ठिकाणी लिहिण्याची वेळही टाकलेली, पहाटे तीन. एरवी ज्यांना तो पायरीवरही उभे करीत नसे अशांच्या नावे त्या पानांवर हजारोंची उधारी. मी तारखा मोजल्या. सहा दिवस. नऊ दिवस. पाच दिवस. शेवटचे प्रकरण माझ्या गोळीनंतरचे. आणि अशा प्रत्येक पानांच्या झुबक्यानंतर दोन-अडीच महिने केवळ पत्नीचे अक्षर.

मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानात कोण झोपतो? कपाशीची पाकिटे, सोयाबीनच्या बॅगा, खताची गाडी कधी लागते त्याची वाट. मे-जूनमधील त्याचे जागरण म्हणूनच कोणाच्या नजरेत भरले नव्हते. उलट पोरगा कष्टाळू आहे, असेच गाव म्हणे. परंतु वहीतील एक प्रकरण पौषातले होते. पौषात अशा दुकानात माशी हलत नाही. त्या आठवड्यात त्याने दुकानाला दोनदा रंग दिला होता, एकदा हिरवा आणि तो पसंत न पडल्याने चार दिवसांत निळा.

मी त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले, वह्यांसकट. त्यांनी दीड तास घेतला आणि निदान लिहिले: द्विध्रुवीय मनोविकार, दुसरा प्रकार. बोलीभाषेत आता ‘बायपोलर टू’.

आता शास्त्र. उन्माद हा शब्द आपल्याला परिचित आहे. माणूस आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ झोपत नाही, मी देवाचा अवतार आहे किंवा मंत्र्यांनी मला बोलावले आहे असे सांगू लागतो, पैसा उधळतो, आवरायला गेले की अंगावर येतो, शेवटी रुग्णालयात दाखल करावे लागते. असा उन्माद आयुष्यात एकदा जरी येऊन गेला तरी तो आजाराचा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात एवढे काही घडत नाही. त्यात येतो तो सौम्य उन्माद, ज्याला डॉक्टर हायपोमेनिया म्हणतात. तो सलग किमान चार दिवस टिकतो. तीन-चार तासांच्या झोपेवर माणूस ताजातवाना दिसतो. बोलणे वाढते, विचार एकमेकांना ढकलू लागतात, एक काम अर्धे टाकून दुसऱ्याला हात घातला जातो, खर्चाचा हात सैल होतो, स्वतःविषयीचा विश्वास उतू जातो. काहींमध्ये आनंद दिसतच नाही, दिसते ती धारदार चिडचिड. हा बदल नेहमीच्या स्वभावाहून वेगळा आहे हे घरच्यांना कळते. पण भ्रम किंवा भास होत नाहीत, दुकान बंद पडत नाही, दाखल करण्याची वेळ येत नाही. याच्या जोडीला किमान दोन आठवडे टिकलेले खरेखुरे नैराश्य येऊन गेलेले असले, आणि या साऱ्याला दुसरे कारण सापडत नसले, म्हणजे निदान पुरे होते.

उदासी आणि उन्माद ही एकाच चक्राची दोन टोके आहेत, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच डॉक्टरांनी लिहून ठेवले होते. मात्र या दुसऱ्या प्रकाराला वेगळे काढले ते १९७० च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी, आणि तिकडच्या अधिकृत वर्गीकरणात तो दाखल झाला १९९४ साली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला स्वतंत्र स्थान दिले ते २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत. माझ्या पिढीने एमबीबीएसला असताना ‘मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस’ एवढाच शब्द पाठ केला होता. हे निमित्त म्हणून सांगत नाही. पण आमच्यापैकी पुष्कळांच्या हातून ही गाठ का सुटते, ते त्यावरून आपल्या ध्यानात येईल.

‘सौम्य’ या शब्दाने मात्र फसू नका. उन्माद सौम्य असतो. आजार सौम्य नसतो. या प्रकारच्या रुग्णांचा तेरा वर्षांहून अधिक काळ आठवड्या-आठवड्याने मागोवा घेणारा एक अमेरिकी अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे सुमारे निम्मे आठवडे नैराश्याच्या कोणत्या ना कोणत्या छायेत गेले होते, आणि सौम्य उन्मादाचे आठवडे भरले होते शंभरात जेमतेम एक. आता विचार करा: रुग्ण डॉक्टरांकडे कधी येणार? त्या पन्नासांतल्या एखाद्या आठवड्यात. जो एक आठवडा निदानाची किल्ली आहे त्यात त्याला वाटत असते की आयुष्यात प्रथमच आपण ठणठणीत आहोत. तो दवाखान्याची पायरी कशाला चढेल? आणि नैराश्यात असताना त्याला तो आठवडा आठवत नाही, आठवला तरी आजार म्हणून आठवत नाही. आत्महत्येचा धोका तर या प्रकारात पहिल्या प्रकाराहून कमी नाही.

आमच्या जिल्ह्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते. इथे उदास होण्याला कारण शोधावे लागत नाही. २०१२ च्या दुष्काळात अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या जोपासलेल्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, लोकांनी स्वतःच्या हातांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली; त्यानंतरच्या वर्षांत शासनाने विदर्भ-मराठवाड्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला, आशाताई ताणाखालची माणसे शोधत घरोघर जाऊ लागल्या. ते काम मोलाचेच होते. उदासीची चौकशी करायला आपण त्या निमित्ताने शिकलो. परंतु कर्ज, पाऊस, भाव, मुलीचे लग्न यांपैकी एखादे उत्तर हाती आले की आपली चौकशी तिथेच थांबते. या तरुणाच्या चुलत्याने वीस वर्षांपूर्वी जीव दिला होता. घरात त्याचे कारण ‘कर्ज’ एवढेच सांगितले जाई. तज्ज्ञबाईंनी खोदून विचारले तेव्हा वृद्ध आई म्हणाली, की भाऊजी कधी साऱ्या गावाला पंगत घालायचे आणि कधी तीन-तीन महिने गोठ्यातून बाहेर यायचे नाहीत. कर्ज होतेच. पण ते कर्ज पंगतींचे होते. हा आजार रक्ताच्या नात्यांत अधिक आढळतो, तेव्हा अशा जुन्या गोष्टी डॉक्टरांना सांगण्यात घराण्याची बेअब्रू नाही.

आता उलट बाजूची सावधगिरी, कारण असे लेख वाचून घरोघरी निदाने होऊ लागतात. सकाळी हसणारी, दुपारी रुसणारी आणि रात्री रडणारी सून म्हणजे बायपोलर नव्हे. या आजारातील चढउतार तासांचे नसतात, ते दिवसांचे आणि आठवड्यांचे असतात. वारीला जाऊन आलेला माणूस चार दिवस भारावलेला असतो, लग्नघरात कोणी झोपत नाही, परीक्षेच्या काळात मुले रात्री जागतात. कार्य आटोपले की ही सारी माणसे गाढ झोपतात. झोप मिळत नाही आणि झोप लागेनाशी झाली आहे असे म्हणून तळमळणारा रुग्ण वेगळा. झोपेची गरजच उरली नाही असे सांगून पहाटे कपाट आवरणारा वेगळा. मी हल्ली या एका फरकावर सर्वांत अधिक प्रश्न विचारतो.

थायरॉइडचा जोर वाढला तरी अशीच धावपळ दिसते. दारू आणि इतर नशा तर दोन्ही टोकांची नक्कल करतात. सांधेदुखीवर बिनलेबलाच्या पुड्या घेणाऱ्यांविषयी एक शब्द: अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते आणि स्टेरॉइडने मन आठवडाभर आभाळात जाऊ शकते. म्हणून रक्ताच्या तपासण्या करायच्या त्या दुसरे कारण वगळण्यासाठी. प्रत्यक्ष या आजाराची खूण दाखवील अशी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा एमआरआयही नाही. सीटी स्कॅन करून या म्हणजे कळेल, असे कोणी म्हटले तर पैसे वाचवा. तेरा प्रश्नांची एक प्रश्नावली आम्ही वापरतो, तीही केवळ संशयाची दिशा दाखवते. उधारीची वही त्या सर्वांहून सरस ठरली.

स्त्रियांच्या बाबतीत एक प्रसंग विशेष जपण्याचा. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खचली, तर ‘बाळंतिणीला होतं असं’ म्हणून सोडू नये, आणि नैराश्याची गोळी सुरू करण्यापूर्वी तिच्या आईला विचारावे, की लग्नाआधी हिचे कधी असे दिवस होते का, जेव्हा ही झोपतच नसे आणि बोलायची थांबत नसे? या आजाराचे पहिले ठळक नैराश्य कित्येकींना बाळंतपणानंतरच येते. आई हे सांगायला कचरते, कारण सासरी कळेल. लग्न जमवताना लपवलेली गोष्ट पुढे डॉक्टरांपासूनही लपवली जाते आणि किंमत मुलगी मोजते.

निदान अचूक हवे ते उपचार बदलतात म्हणून. नुसती नैराश्याची गोळी काही रुग्णांना उसळवते किंवा चक्राचा वेग वाढवते, जसे माझ्या हातून झाले. इथे आधार असतो तो मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांचा. लिथियम हे त्यांतले सर्वांत जुने. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरने त्याचा उन्मादावरील उपयोग १९४९ साली प्रसिद्ध केला. लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन ही पुढची. लॅमोट्रिजिनची मात्रा आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळूच वाढवतात. अंगावर पुरळ दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण क्वचित ते जिवावर बेतते. व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना शक्यतो देत नाहीत, गर्भाला अपाय होतो. यांतले कोणते कोणाला, हे तज्ज्ञच ठरवतील. आणि कोणतीही चालू गोळी हा लेख वाचून बंद करू नका.

लिथियमविषयी मात्र मला थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण इथे तज्ज्ञापेक्षा गावच्या डॉक्टरचे आणि घरच्यांचे काम मोठे आहे. या औषधाची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा जवळजवळ राहतात. रक्तातील पातळी साधारण ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवतात आणि दीडच्या पुढे विषबाधा दिसू लागते. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेऊन ती वेळोवेळी मोजतात, शिवाय मूत्रपिंड आणि थायरॉइड यांवर लक्ष ठेवतात. आमचा दुकानदार वर्षभर उत्तम होता. पुढच्या मे महिन्यात, बाहेर ऊन त्रेचाळीस अंशांवर असताना, त्याने स्वतः बॅगा उतरवल्या, कंबर धरली आणि मेडिकलमधून दुखण्यावरची गोळी आणून चार दिवस खाल्ली. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या लिथियमला शरीरातून बाहेर पडू देत नाहीत. घाम, कमी पाणी आणि ती गोळी, तिन्ही एकत्र आले. पाचव्या दिवशी हात थरथरू लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना तोल जाऊ लागला. गावात लोकांना वाटले, पोरगा दारू पिऊ लागला. पत्नीने त्याला त्याच दुपारी आणले म्हणून निभावले. आम्ही लिथियम थांबवून त्याला तातडीने संभाजीनगरला हलवले.

तेव्हापासून लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: उन्हाळ्यात पाणी आणि जेवणातले नेहमीचे मीठ कमी होऊ देऊ नका, जुलाब लागले तर गोळी पुढे चालवण्याआधी फोन करा, दुखण्यावर काय घ्यायचे ते विचारून घ्या, आणि रक्तदाबाची नवी गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांना लिथियमचे नाव आधी सांगा. मूत्रपिंडावर परिणाम करणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हीच गत होते.

जायचे कुठे, हा प्रश्न उरतो. जालन्यासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाल्याची बातमी आपण वाचली असेल आणि ‘आमच्या माणसाला तिथे ठेवायचे का?’ म्हणून काहींच्या पोटात गोळाही आला असेल. या दुसऱ्या प्रकारच्या बहुतेक रुग्णांना कुठे ठेवावे लागत नाही. बाह्यरुग्ण म्हणून उपचार होतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली शासकीय जिल्हा रुग्णालयात हे काम चालते, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात स्वतंत्र मनोविकार विभाग आहे. रात्री-अपरात्री बोलायचे झाल्यास ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, तो विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव देण्याची भाषा निघाली तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका. माणसाला एकटे सोडू नका, आणि शेती असलेल्या घरात फवारणीची औषधे त्याच तासाला कुलपात घाला.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढेच सुचवतो, की भाऊ पडून असतो त्या दिवसांचे वर्णन त्यांनी दोन पाने भरून केले आहे आणि तो बरा असतो त्या दिवसांविषयी एक ओळ लिहिली आहे. पुढच्या भेटीला जाताना ती ओळ वाढवून न्यावी. तारखा घालून. शक्य तर स्वतः सोबत जावे.

आमचा दुकानदार आता चाळिशी ओलांडून गेला. मधल्या काळात एकदाच पडला, तेही तीन आठवड्यांत सावरला. दोन वर्षांपूर्वी तपासणी झाल्यावर तो दाराशी थांबला आणि म्हणाला, “साहेब, खरं सांगू का? ते पहाटेचे दिवस आठवतात. तसं पुन्हा कधीच वाटणार नाही का?” त्या दिवसांत तो आजारी होता, हे मी त्याला सांगू शकलो असतो, ते त्यालाही ठाऊक होते. मी खरे ते सांगितले, बहुधा नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि औषधांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

उधारीची वही अजून चालू आहे. त्याच्या पत्नीने तिच्यात डाव्या बाजूला एक बारीक रकाना आखला आहे आणि त्यात रोज एकच आकडा लिहिलेला असतो, रात्री तो किती तास झोपला त्याचा. पाचच्या खाली सलग दोन रात्री गेले की त्या मला फोन करतात. मागच्या मृगात एकदा केला होता. खताची गाडी उशिरा आली होती, एवढेच निघाले.